जुनोसाठी कोण हळहळलं?

२००६ साली प्लूटोचं ग्रहपद गेलं तेव्हा मी नोकरीत होतो. वर्गातली मुलं हळहळली, मीही हळहळलो. नऊ ग्रह घोकून घेण्यात हयात गेलेली!

पण जुनोचं काय? मंगळ आणि गुरूच्या मधला हा सुमारे २५० किलोमीटरचा खडकाळ गोळा १८०४ साली हार्डिंगना सापडला. काही दशकं त्याला ग्रहच म्हणत. पुढे त्याच पट्ट्यात आणखी पुष्कळ सापडले, तसा तो लघुग्रहांत गेला.

"सर, नऊच का?" असं विचारणाऱ्या एका मुलाला मी "पुस्तकात आहे म्हणून" सांगून खाली बसवलं होतं. तेव्हा जुनोची गोष्ट सांगायला हवी होती. आकडे जरूर पाठ करून घ्यावेत, पण ते कुणी आणि का ठरवले, तेही शिकवावं.

त्या मुलाचं उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे. असो.