तिरळेपणा: लग्नाच्या वयापर्यंत थांबू नका

मान स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी उजवीकडे पाहा. उजव्या डोळ्याचा कानाकडचा स्नायू आणि डाव्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू एकाच क्षणी आखडला, म्हणून दोन्ही बुबुळे मिळून वळली. ही जोडी जमते तेव्हाच आपल्याला दोन डोळ्यांनी एकच चित्र दिसते.

प्रत्येक डोळ्याला असे सहा स्नायू आहेत. चार सरळ: वरचा, खालचा, नाकाकडचा आणि कानाकडचा. दोन तिरके. वरच्या तिरक्या स्नायूची रचना तर थक्क करणारी आहे. तो डोळ्याच्या खोबणीत मागून पुढे येतो, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातील कूर्चेच्या कडीतून जातो आणि तिथून मागे वळून बुबुळाच्या गोळ्याला चिकटतो. विहिरीच्या कप्पीवरून दोर वळावा, अगदी तसा! या साऱ्यांना मेंदूकडून हुकूम पोचवण्यासाठी मज्जातंतूंच्या तीन जोड्या आहेत.

हा मेळ बिघडला की एक डोळा समोर पाहतो आणि दुसरा आत, बाहेर, वर किंवा खाली वळतो. यालाच आपण तिरळेपणा म्हणतो. दर वेळी स्नायूच कमजोर असतो असे नाही. अनेक मुलांत चष्म्याचा मोठा प्लस नंबर हेच कारण असते आणि योग्य चष्म्याने डोळा सरळ होऊ शकतो.

आपल्याकडे दादी-नानी म्हणतात, "तिरळं मूल नशीबवान असतं," किंवा "मोठेपणी आपोआप जाईल." इथेच घात होतो. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रे आली की लहान मुलाचा मेंदू एक चित्र सोडून देतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दोन-दोन दिसत नाही. पण न वापरलेल्या डोळ्याची नजर मंदावत जाते. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून ही नजर परत आणता येते. मात्र साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर यश जास्त मिळते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक जपायला हवे. "चष्मा लागला तर स्थळ कसे येईल?" म्हणून उपचार टाळले जातात आणि लग्न जवळ आले की ऑपरेशनची घाई होते. ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढत नाहीत. स्नायूची जागा बदलतात किंवा तो आखूड करतात. त्याने डोळा सरळ दिसेल, पण बालपणी गेलेली नजर त्याने परत येत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

• तान्ह्या बाळाची नजर अधूनमधून फिरते. चार महिन्यांनंतरही फिरत असेल किंवा एक डोळा सतत वळलेला असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

• नाकाचा पूल रुंद असल्याने काही बाळे तिरळी भासतात. तो निर्णय डॉक्टरांनाच करू द्या.

• बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही थांबू नका. ती डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते.

• मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. क्वचित मेंदूतील गंभीर आजारही असतो.

मूल शाळेत जाण्याआधी एकदा त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. तपासणी थोड्या वेळाची आहे, नजर आयुष्यभराची.