जेट्टीपासून वालीवपर्यंत

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने निघालेला आमचा सायकलप्रवास नवव्या दिवशी वालीवला संपला. या वाटेने येणाऱ्यास जमिनीइतकाच पाण्याचाही भरवसा धरावा लागतो. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा या चार खाड्या फेरीबोटीने ओलांडून आम्ही अलिबागला मुक्काम केला. उरला तो एकच दिवस. पण त्यातही तीन वेळा बोटीत चढायचे होते.

सकाळी मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का. तेथून मुंबईची उभी लांबी कापून मार्वे, पुढे बोटीने मनोरी, मग गोराई, उत्तन आणि भाईंदर. भाईंदर व वसई खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर. तरी महामार्गाने वळसा घालायचा तर सुमारे ३५ किलोमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये येथे रो-रो सुरू झाली आणि हे अंतर पाव तासावर आले. सायकलस्वारास याहून मोठे दान कोणते!

बोट वसईच्या किल्ल्याजवळ लागते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. व्यापाऱ्याच्या मनात मात्र येते ते पलीकडचे सोपारे. त्या बंदराचा माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे, आणि कार्ल्याच्या लेण्यांतील दानलेखांत सोपाऱ्याच्या रहिवाशाचा उल्लेख आहे. ओझी घेऊन घाट चढणाऱ्यांची नावे कोणी कोरली नाहीत.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे म्हणून आम्ही तेथे रेंगाळलो नाही. आठ दिवस घाटांत, निर्जन वळणांवर जे भय वाटले नव्हते, ते गोखिवरे ओलांडल्यावर वाटले. पाळी सुटण्याची वेळ. कंटेनर, टेम्पो, रिक्षा, आणि त्यांच्या मधल्या फटीतून डबा लटकावून निघालेले शेकडो सायकलस्वार. आमच्या डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चमकणारी जाकिटे, मागे लाल दिवा. त्यांच्यापाशी यांतले काहीही नाही. हा प्रवास ते रोज दोनदा करतात.

गाळ्यापाशी हारतुरे झाले, छायाचित्रे झाली. आमच्या एका जुन्या कारागिराने माझ्या सायकलचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "शेठ, हिला कॅरिअर नाही. डबा कुठे ठेवता?"

वालीवमध्ये आपल्या समाजाचे ज्यांचे गाळे आहेत, त्यांच्याशी मला याविषयीच बोलायचे आहे. रस्ता रुंद करणे आपल्या हाती नाही. पण सायकलीस मागचा दिवा व परावर्तक पट्टी लावून देणे, उन्हापावसात उभी करण्यास पत्र्याची शेड घालणे, आणि शेजारच्या गाळ्यांशी बोलून सुटीच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. माल भरणारी गाडी त्या अर्ध्या तासात फाटकाबाहेर काढू नये, एवढे तर आजच ठरवता येईल. आमच्याकडे दिवे लागले आहेत. संध्याकाळी वॉचमन एकेक दिवा पेटतो का, ते पाहूनच सायकल बाहेर सोडतो.