तिकीट काढले म्हणजे नोकर विकत घेतला काय?

२३ मार्च २०१७. पुण्याहून निघालेले एअर इंडियाचे विमान दिल्लीत उतरले. सारे प्रवासी उतरून गेले, एक मात्र उतरायला तयार नव्हता. उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, शिवसेनेचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड. तिकीट बिझनेस क्लासचे आणि विमानात बिझनेस क्लासच नाही, ही त्यांची तक्रार. समजूत घालायला साठीच्या घरातील एक अधिकारी विमानात आला. पुढे काय घडले हे कोणा विरोधकाने सांगितलेले नाही. आपण त्याला चपलेने पंचवीस वेळा मारले, असे खासदारसाहेबांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितले. पंचवीस! मोजून!

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०८ आणि ३५५ खाली दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. विमान कंपन्यांनी खासदारांना आपल्या विमानात बसू देणार नाही असे जाहीर केले. त्यावर लोकसभेत गदारोळ झाला, केंद्रातील शिवसेनेचे मंत्री नागरी विमान वाहतूक मंत्र्यांच्या अंगावर धावून गेले. खासदारांनी सभागृहाची माफी मागितली, मंत्र्यांना खेद व्यक्त करणारे पत्र पाठवले आणि ७ एप्रिलला बंदी उठली. सगळा मामला पंधरा दिवसांचा. पत्र गेले मंत्र्यांना. ज्याच्या अंगावर चप्पल पडली त्याची माफी मागणार नाही, असे तेव्हा स्पष्ट सांगण्यात आले होते. मार खाल्ला एकाने आणि माफी मिळाली दुसऱ्यालाच, हा कोणता न्याय?

इतका जुना विषय आज का काढता, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पंचवटीपासून वीसेक किलोमीटरवरच्या ओझर विमानतळावर वर्दळ वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिथे आमच्या वस्त्यांतली मुले-मुली उभी राहणार आहेत. कोणी काउंटरवर, कोणी सामान चढवायला, कोणी साफसफाईला. एखादी शिकलेली लेक केबिन क्रू म्हणून विमानातही जाईल. त्यांच्याशी कोण कसे बोलणार, हा आमच्या घरातला सवाल आहे.

मध्यंतरी एका खटल्याच्या कामासाठी आम्ही मुंबईहून दिल्लीला विमानाने निघालो होतो. पुढच्या रांगेतील एका गृहस्थाने तिशीच्या आतल्या मुलीला चुटकी वाजवून बोलावले. नाव तिच्या छातीवरील पट्टीवर लिहिलेले होते. वाचता येत नव्हते असे नाही, हातात इंग्रजी पेपर होता. पाणी आले, ते थंड नव्हते, म्हणून तिला आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा दम दिला. ती ‘सॉरी सर’ म्हणाली. आम्ही मध्ये बोललो तेव्हा गृहस्थ म्हणाले, पैसे मोजलेत आम्ही. पैसे आम्हीही मोजले होते. कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त, कारण तिकीट आदल्या दिवशी काढलेले.

१६ डिसेंबर २०२२ च्या इस्तंबूल-दिल्ली विमानातील वादाचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. निमित्त जेवणाचे. प्रवाशाच्या ओरडण्याने एक सहकारी रडकुंडीला आली म्हणून इंडिगोची दुसरी कर्मचारी पुढे आली. तिला नोकर म्हटले गेले. मी कंपनीची कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही, असे तिने तोंडावर सुनावले. तिने आवाज चढवायला नको होता असे सांगणारे शहाणे तेव्हा पुष्कळ निघाले. आम्ही म्हणतो, कर्मचारी आणि नोकर यातला फरक ज्या एका वाक्यात तिने सांगितला तो कामगार कायद्याच्या अख्ख्या पुस्तकात इतक्या थोडक्यात सापडणार नाही. कर्मचारी ठरलेले काम ठरलेल्या वेळेत करतो. नोकर या शब्दात मालकाची मर्जी असते.

ही मर्जी विमानातच चढते असेही नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी कँटीनच्या माणसाला ठोसे लगावले. (आडनाव तेवढे सारखे. जिल्हा वेगळा.) डाळ शिळी असेल तर अन्न व औषध प्रशासन आहे. पण आपल्याकडे वाढणाऱ्याच्या थोबाडावर तक्रार नोंदवण्याची पद्धत आहे.

प्रवास आणि सेवा यांचा आमच्या समाजाशी असलेला संबंध जुना आहे. १९०१ साली लहान भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरले. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान कोरेगावला न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. हाकायची सवय नसलेल्या वस्तीतल्याच माणसाने लगाम धरला, पुलाजवळ टांगा कलंडला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

त्या टांगेवाल्याला घोडा हाकण्याची लाज नव्हती, कोणासाठी हाकायचा याची लाज होती. आजच्या विमानात चित्र उलटे दिसते, पण मापाची काठी तीच. तिथे सेवा देणारा प्रवाशाला आपल्यापेक्षा खालचा समजत होता, इथे प्रवासी सेवा देणाऱ्याला खालचा समजतो. दोन माणसे समोरासमोर आली की वरचा कोण आणि खालचा कोण हे आधी ठरले पाहिजे, त्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. कोणी कुठवर यायचे, कुठे उभे राहायचे, हे दुसऱ्यांनी ठरवण्याविरुद्ध २ मार्च १९३० ला याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. इथल्या माणसाला उतरंड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि मराठी वर्तमानपत्रांनी या मुलींना नाव काय दिले? हवाई सुंदरी! रेल्वेतल्या तिकीट तपासनीसाला कोणी रूळसुंदर म्हणते काय? शब्दच असा की काम दिसू नये, चेहरा दिसावा. वास्तविक दर पन्नास आसनांमागे एक कर्मचारी हा नियम जेवण वाढण्यासाठी केलेला नाही, विमानाला आग लागली तर माणसे बाहेर काढण्यासाठी केलेला आहे. विमानाला मान्यता देताना भरलेले विमान निम्म्या दारांतून नव्वद सेकंदांत रिकामे होते की नाही हे तपासतात. मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानात ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरणकर्ते घुसले, तेव्हा प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत मारली गेली. वय बावीस. तिला अशोकचक्र मिळाले. पण शब्द काही बदलला नाही.

कंपन्याही याच नजरेच्या. एअर इंडियाचा एकेकाळचा नियम असा होता की एअर होस्टेसने पस्तिशीला निवृत्त व्हावे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास घरी जावे आणि पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट अनुच्छेद १४ च्या विरोधात म्हणून रद्द केली. लग्नाची अट आणि पस्तीस वर्षांची मर्यादा मात्र टिकवली. कायदा शिकताना हा निकाल आम्ही अर्धा विजय म्हणून वाचला. आज वाटते, अर्धाही नव्हता. जी कंपनी कर्मचारी स्त्रीला शोभेची वस्तू समजून तरुणपणापुरती ठेवते, तिचा प्रवासी तिला वेगळे काय समजणार?

आता कायद्याकडे या. खासदार गायकवाड प्रकरणानंतर ८ सप्टेंबर २०१७ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम आणले. शिवीगाळ, हातवारे, दारू पिऊन दंगा याला तीन महिन्यांपर्यंत बंदी. धक्काबुक्की, मारहाण, लैंगिक छळ याला सहा महिन्यांपर्यंत. जिवाला धोका निर्माण केल्यास दोन वर्षे किंवा अधिक. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीस दिवसांत द्यायचा. कंपनीला तोवर जास्तीत जास्त तीस दिवस रोखता येते. तक्रार वैमानिकाने करायची. वर अपील आहेच. कागदावर सुरेख नियम आहेत, त्यात आम्ही खोट काढत नाही.

पण जानेवारी २०२० मध्ये काय झाले? विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी मुंबई-लखनौ विमानात पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्यासमोर जाऊन प्रश्नांची सरबत्ती केली. ते योग्य होते असे आमचे म्हणणे नाही, बसलेल्या माणसाला उठून जाता येत नसताना त्याला गाठणे बरे नव्हे. पण एकाही कर्मचाऱ्याला बोट लागले नव्हते. इंडिगोने समिती बसण्याआधीच सहा महिने बंदी घातली. ज्यांच्या विमानात काही घडलेच नव्हते त्या तीन कंपन्यांनीही बंदी घातली. आपल्याला विचारलेच नाही, असे खुद्द वैमानिकाने कंपनीला कळवले. पुढे समितीने सहाचे तीन महिने केले. चपलेला पंधरा दिवस आणि प्रश्नाला तीन महिने! गायकवाडांच्या वेळी हे नियम नव्हते हे आम्हाला ठाऊक आहे. नियम आल्यावरही ते पाळण्याआधी माणूस कोण आहे हे पाहिले गेले, हा आमचा आक्षेप आहे.

प्रवाशाचा राग नेहमीच खोटा असतो असेही नाही. मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात चढू दिले नाही, त्याबद्दल इंडिगोला पाच लाखांचा दंड झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात त्याच कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधीपासून माहीत असताना माणसे पुरेशी ठेवली नाहीत. लोक विमानतळावर रात्र-रात्र पडून राहिले. म्हातारी माणसे, आजारी माणसे, लग्नघरची माणसे. त्यांनी कोणावर ओरडायचे? ज्यांनी वेळापत्रक आखले ते काचेच्या केबिनमध्ये होते. काउंटरवर उभी होती पंचविशीची पोरे, ज्यांना पुढचे विमान कधी आहे हे प्रवाशाइतकेच माहीत नव्हते. फायदा ज्याचा, त्याच्या वाट्याला शिवी येत नाही. शिवी खायला पगारी माणूस पुढे उभा केलेला असतो. त्याच्यावर हात उगारला की कंपनीची सुटका होते. बातमी मग मारहाणीची होते, रद्द झालेल्या विमानाची राहत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंच्या आमच्या माणसांना सांगतो. नोकरीत असाल तर अपमान गिळून ‘सॉरी सर’ म्हणू नका. घटना वैमानिकाच्या अहवालात लेखी नोंदवून घ्या, आजूबाजूच्या दोन प्रवाशांची नावे घ्या, मारहाण झाली तर उतरल्यावर पोलिसांत जा. अपमान करण्याच्या हेतूने हल्ला हा आजच्या भारतीय न्याय संहितेतही कलम १३३ खाली गुन्हा आहे. जातीवरून शिवी दिली असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. भरलेली केबिन ही लोकांच्या नजरेआडची जागा आहे असे कोणी आम्हाला पटवून दाखवावे.

आणि प्रवासी असाल तर काउंटरवरच्या पोरीला सोडा, कंपनीला धरा. विमान सहा तासांहून अधिक रखडणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा तुमचा हक्क आहे. नाही मिळाले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिल्ली-मुंबईला जावे लागत नाही. आपण राहतो तिथल्या, म्हणजे नाशिकच्या, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकीलही लागत नाही, हे आम्ही वकील असूनच सांगतो.