हुबेहूब प्रतीची अडचण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांचीही मर्यादा मागे टाकली. २०२१ च्या जुलैत तेच पुन्हा घडले. अशा कोल्हापुरात पेढीच्या संगणकातील संपूर्ण डिस्क दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून उंचावरच्या जागी ठेवणे, हा विवेकच होय. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि पूर ओसरला तरी ती जबाबदारी ओसरत नाही.

परंतु अशा प्रतीत, म्हणजे क्लोनमध्ये, फायलींबरोबर मूळ डिस्कचा ओळख क्रमांकही उतरतो. एकाच क्रमांकाची दोन खाती कोणतीही बँक उघडू देणार नाही. येथे मात्र ती नकळत उघडली जातात.

दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या की विंडोज दुसरीला ‘ऑफलाइन’ ठेवते. पुष्कळदा घाईने ती ‘ऑनलाइन’ केली जाते. त्या क्षणी विंडोज तिला नवा क्रमांक देते, पण तिच्यातील संगणक सुरू करण्याची नोंद जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवीत राहते. मूळ डिस्क पाण्यात गेल्यावर ही प्रत लावली, तर संगणक सुरूच होत नाही. हिशेब आत शाबूत असतात, हे खरे. पण विवरणपत्राची मुदत उद्यावर आलेली असताना ते समाधान कितीसे पुरणार?

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर प्रकार अधिक नाजूक. एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था समान क्रमांकाची दुसरी प्रत जोडून घेण्यास सरळ नकार देते, आणि हा नकार हिताचाच. ईएक्सटी४ मध्ये क्रमांकावरून डिस्क शोधताना दोहोंपैकी कोणतीही हाती लागू शकते. मग आजच्या नोंदी जुन्या प्रतीत पडतात आणि उद्या खतावणी जुळत नाही. बीटीआरएफएस तर समान क्रमांकाच्या दोन्ही डिस्क एकच समजू शकते, त्यात मूळ हिशेबही बिघडण्याचा धोका असतो.

म्हणून क्लोन पूर्ण होताच संगणक बंद करून प्रत काढून घ्यावी. नंतर मूळ डिस्क बाजूला ठेवून केवळ प्रतीवर संगणक एकदा सुरू करून पाहावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. दोन्ही एकत्र जोडणे अटळच असेल, तर लिनक्समध्ये आधी प्रतीला जाणकाराकडून नवा क्रमांक घालून घ्यावा. रोजच्या नोंदींसाठी क्लोनची गरजही नसते. हिशेबाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतला की पुरते, कारण त्या डिस्कला तिचा स्वतःचा क्रमांक असतो.