तंबू आणि पाल

माझा भाचा सुऱ्या बनवतो. पोटासाठी नव्हे, पोटासाठी तो वेर्ण्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. पण घराच्या मागच्या पडवीत त्याने एक छोटी भट्टी मांडली आहे आणि शनिवार-रविवारी तिथे त्याची ठोकाठोक चालते. सगळं शिकला तो व्हिडिओ बघून. पहिल्या चार-पाच सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा कापला जाईना. आता मात्र खरोखर देखण्या बनवतो. फणसाच्या लाकडाची मूठ, पात्यावर स्वतःचं नाव, आणि किंमत साडेतीन हजार रुपये! माझ्या बहिणीला हे अजून पटलेलं नाही. तिची आदोळी तिच्या सासूच्या काळातली आहे आणि ती अजून नारळही खवते आणि विसवणही कापते.

गेल्या दिवाळीनंतर भाचा म्हणाला, "मामा, चार दिवस रजा टाक. बेळगाव-निपाणीकडे जाऊन येऊ. हॉटेल नको, तंबू नेऊ. जिथे थांबू तिथे चार सुऱ्या मांडू. फिरणंही होईल आणि जाहिरातही." सरकारी कारकुनाला स्वस्तातली सहल म्हटली की दुसरं काय हवं? मी रजेचा अर्ज टाकला.

चोर्ला घाट चढून बेळगाव गाठलं. आम्हा गोवेकरांना हा रस्ता नवा नाही. आमच्या बाजारातली भाजी याच वाटेने येते, आणि लग्नाची खरेदी करायला आम्ही याच वाटेने जातो. बेळगावहून पुढे पुणे-बंगळूर हमरस्ता. हत्तरगीचा टोलनाका, मग संकेश्वर, तवंदी घाट आणि निपाणी. दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू झालेली, ट्रॅक्टरच्या रांगा कारखान्यांकडे निघालेल्या. पहिल्या रात्री एका ढाब्याच्या मागे तंबू ठोकला. ढाबेवाल्याने पैसे घेतले नाहीत, उलट भाच्याची सुरी हातात घेऊन फोटो काढला. गाड्या थांबवून लोक विचारायचे, कुठून आलात, केवढ्याला ही? दोन सुऱ्या विकल्याही गेल्या. भाचा खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या अलीकडे रस्त्याकडेला तीन पालं दिसली. जमिनीत गाडलेली ऐरण, कोळशाची भट्टी, शेजारी एक जुना टेम्पो. नवरा सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून बसला होता आणि बायको उभी राहून घण घालत होती. त्याच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. हातोडा जिथे टक् करून पडेल तिथेच पुढचा घण पडायचा. एक शब्द नाही, एक चूक नाही. भाच्याने गाडी आपोआप बाजूला घेतली.

घिसाडी. आमच्या पिढीला हा शब्द माहीत आहे, भाच्याला नव्हता. गावात जो स्थिर लोहार असतो, आमच्याकडे ज्याला चारी म्हणतात, तो वेगळा. घिसाडी भटका. आपसात बोलतात ती भाषा गुजराती-राजस्थानी वळणाची, आडनावं मात्र चव्हाण, पवार, सोळंके अशी. महाराष्ट्राच्या यादीत ते भटक्या जमातींत मोडतात. त्यांचं फिरणं शेतीच्या पंचांगावर चालतं. पेरणीआधी खुरपी आणि फाळ, सुगीला विळे, ऊसतोड सुरू झाली की कोयते. बीडकडून आलेली तोडकरी जोडपी फडाशेजारी कोप्या घालतात. त्या जोडीलाच कोयता म्हणतात, इतकं ते हत्यार आणि माणूस एक झालेलं आहे. त्या कोयत्याची धार गेली की मजुरी गेली. म्हणून तोडकऱ्यांच्या मागोमाग घिसाडी.

बाईने भाच्याची सुरी मागून घेतली. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, मग नखाने टिचकी मारून कानाशी धरली. म्हणाली, "भाऊ, पानी लई झालंय हिला. हाडावर बसली की तुकडा उडंल."

भाचा गप्प झाला. नंतर गाडीत त्याने मला कबूल केलं की दोन गिऱ्हाइकांच्या सुऱ्यांचे खरंच टवके उडाले होते आणि त्याने त्या निमूट बदलून दिल्या होत्या.

मग नवऱ्याने त्याला दाखवलं. लाल पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून घासून पांढरं करायचं आणि पुन्हा मंद आचेवर धरायचं. त्यावर रंग चढत जातो, आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. कुठल्या रंगावर थांबायचं ते हत्यारावर अवलंबून. भाजीच्या सुरीला पिवळा चालतो, घाव घालायच्या कोयत्याला त्याच्या बराच पुढे जावं लागतं. लोखंड कुठलं? ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे. भाचाही तेच वापरतो, फक्त ते ऑनलाइन मागवतो! पोलादाचे प्रकार, कार्बनचं प्रमाण, सगळं त्याला तोंडपाठ आहे. आच डोळ्यांनी ओळखायची, हे त्याला त्या दिवशी कळलं.

कोयत्याची किंमत अडीचशे रुपये. मी एक घेतला. "गाव कुठलं तुमचं?" मी सवयीने विचारलं. आम्हा कारकुनांचा पहिला प्रश्न तोच. माणूस हसला. म्हणाला, "कुठलं सांगू? आधारवर एक हाय, रेशन दुसरीकडं हुतं, पोरगी शाळेला तिसऱ्याच गावात."

संध्याकाळी त्यांना विचारूनच आम्ही पन्नास पावलांवर तंबू ठोकला. आमचा तंबू निळा, अडीच हजारांचा. त्यांचं पाल ताडपत्रीचं. अंधार पडताना एक गणवेशातला माणूस मोटारसायकलवरून आला. आमच्याकडे येऊन म्हणाला, "टुरिस्ट का सर? काळजी घ्या, ट्रक असतात रात्रीचे. एखादा दिवा चालू ठेवा." तिथून तो पालांकडे गेला. तिथे आवाज चढला. सकाळी हे सगळं दिसता कामा नये, एवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

रात्री अकरापर्यंत घण चालू होता. तोडकऱ्यांचे कोयते धारेला आलेले, ते परत केल्याशिवाय निघायचं कसं? पहाटे उठलो तेव्हा टेम्पो भरलेला होता. नऊच्या सुमारास एक तोडकरी आपले दोन कोयते शोधत आला. ते भाच्याकडे ठेवून गेले होते, म्हणून त्याला मिळाले. आम्ही तोवर चहा करत बसलो होतो. आम्हाला कुणी उठवलं नाही.

मी नियम वाचणारा माणूस आहे. घरी आल्यावर राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीबद्दलचा २००२ चा कायदा काढून वाचला. परवानगीशिवाय महामार्गाची जागा अडवायची नाही, असं त्यात आहे. तंबूला एक नियम आणि पालाला दुसरा, असं कुठेही नाही. म्हणजे त्या रात्री बेकायदा असलो तर आम्ही दोघेही होतो. किंवा कुणीच नव्हतो.

मग फरक कसला होता? दोघेही रस्त्याने फिरणारे, दोघेही उघड्यावर झोपणारे, दोघेही हाताने घडवलेलं पातं गिऱ्हाइकाला दाखवून विकणारे. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर कमी खर्चाची सहल आणि सोबत मालाची जाहिरात. घिसाडी हे पिढ्यान्पिढ्या करत आला आहे, आणि गिऱ्हाइकासमोर माल घडवून दाखवण्यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? फरक एवढाच की आम्हाला घर आहे आणि आम्ही हौसेने बाहेर झोपतो. ज्याला परत जायला घर आहे, त्याचा मुक्काम म्हणजे पर्यटन. ज्याला नाही, त्याचा मुक्काम म्हणजे अतिक्रमण.

हे कागदावरही उतरलेलं आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांना थांबायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह मिळावं हा हेतू. चांगलंच आहे. पण चाकांवरचं घर घेऊन फिरणारे आपल्याकडे शेकडो वर्षं आहेत, त्यांच्यासाठी असा नळ कुणी बसवला? बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये केंद्राला अहवाल दिला. भटक्यांना कायमचा पत्ता नाही, म्हणून कागद नाहीत, आणि कागद नाहीत म्हणून योजना नाहीत, हे दुखणं तेव्हाच मांडून झालं आहे.

योजना नाहीत असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना घ्या. अठरा व्यवसाय, त्यात लोहार आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पुढे दोन लाख, व्याज पाच टक्के. घिसाड्याला याहून सोयीचं काय हवं? पण अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते. आता सांगा, या टेम्पोची पंचायत कुठली? ज्या गावात तो आठ दिवस असतो ते गाव म्हणणार हा आमचा नव्हे, आणि आधारवरच्या गावात त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. टेबलाच्या अलीकडे बसून मी असे अर्ज पाहिले आहेत. त्यात कुणी दुष्ट नसतो. "राहण्याचा पत्ता" हा रकाना रिकामा असतो, आणि रिकाम्या रकान्याचा अर्ज पुढे जात नाही.

सीमाभागात तर हे जास्तच टोचतं. ही जमीन कुणाची यावरून १९५६ पासून वाद आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादात माणसांनी खूप सोसलं आहे, त्याची थट्टा मला करायची नाही. मराठी म्हणून माझंही मन निपाणीकडेच ओढतं. पण कोगनोळीच्या नाक्यावरून वर्षातून चार वेळा इकडून तिकडे जाणाऱ्या या मराठी बोलणाऱ्या माणसाचं नाव आपल्या कुठल्याच वहीत नाही, याबद्दल दोन्हीकडे कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, हे लोक घाण करतात. बरोबर आहे, संडास नसला की घाण होणारच, आमच्या तंबूचाही प्रश्न तोच होता. कुणी म्हणेल, कोयते-सुऱ्या विकतात, धोका आहे. पण निव्वळ घरकामाची आणि शेतीची अवजारं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतच येत नाहीत. आणि धोका असलाच तर भाच्याची टोकदार सुरी खुरप्यापेक्षा जास्त धोक्याची, तिचे तर लोक फोटो काढत होते. तिसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. त्यांनी पालातच राहावं आणि घणच घालत बसावं का? मुळीच नाही. त्या मुलीने शिकावं आणि उद्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसावं. पण ती तिसऱ्या गावातल्या शाळेत टिकायची तर बापाचा धंदा अर्ध्या रात्री उठवला जाता कामा नये.

मला सुचलेला उपाय अगदी कारकुनी आहे. आमच्या गोव्यात बाजारात बसणाऱ्याकडून सोपो घेतात आणि पावती देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवालीलाही तो भरावा लागतो. रस्त्याकडेला येऊन बसणाऱ्या या लोहारांना प्रत्येक बाजारगावाने एक ठरलेली जागा द्यावी. एक नळ, एक संडास, पंधरा दिवसांचा मुक्काम. त्याबद्दल सोपो घ्यावा आणि पावतीवर नाव आणि धंदा लिहावा. अशा वर्षभराच्या पावत्या हाच त्या माणसाचा पत्ता धरावा. हा लोहार आहे आणि तो हाच धंदा करतो, याचा याहून भक्कम पुरावा कुठली पंचायत देणार आहे?

भाच्याने घरी आल्यावर शिल्लक सगळ्या सुऱ्यांच्या मुठी काढल्या आणि पाती पुन्हा आचेवर धरली. तीन फुकट गेली. चौथी त्याने बहिणीला दिली. किंमत मात्र त्याने कमी केलेली नाही, आणि का करावी? मेहनत त्याचीही आहे. उलट अडीचशेच्या कोयत्याला मी घासाघीस केली नाही एवढंच काय ते माझं पुण्य, हे लिहिताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतंय.

पुढच्या ग्रामसभेत मी हा जागेचा विषय लेखी देणार आहे. बाजाराच्या मागे पंचायतीची जमीन मोकळी पडून आहे, तिथे सध्या मोडक्या गाड्या उभ्या असतात. पावसाआधी लोहार येतात. तोवर नळ बसला तर बरं. तुमच्या गावात अशी जागा आहे का, तेवढं जरा बघाल?