मुक्या जनावरांचें अन्न

घरांत कुत्रें किंवा मांजर पाळण्याची हौस आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे, व ती स्तुत्य आहे असेंच आम्ही समजतों. परंतु या प्राण्यांस खावयास काय द्यावें, याविषयीं अलीकडे मोठा वाद माजला आहे. एक पक्ष म्हणतो, कारखान्यांत तयार होणारें कोरडें अन्न अनैसर्गिक असून लांडग्याच्या वंशजास कच्चें मांस व हाडें हींच योग्य होत. दुसरा पक्ष म्हणतो, पिशवींतील अन्न शास्त्रोक्त आहे. तें घालावें आणि निश्चिंत असावें. या वादांत आमचें मत काय, तें थोडक्यांत सांगतों.

कारखान्यांतील अन्न कांहीं सनातन नव्हे. जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६० च्या सुमारास लंडन येथें कुत्र्यांसाठीं बिस्किटें विकण्यास आरंभ केला व पुढें हा व्यापार वाढला. आपल्या खेड्यांतून तर कुत्रें आजही धन्याच्या घरची भाकरी खाऊनच जगतें. शिवाय कारखान्यांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, विकतचें अन्न खाणाऱ्या कित्येक मांजरांस टॉरिन या द्रव्याच्या उणिवेमुळें हृद्रोग जडला होता. २००७ सालीं मेलामाइन हें रसायन मिसळलेल्या अन्नामुळें तेथील अनेक कुत्रीं-मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. तेव्हां नैसर्गिक आहाराच्या पुरस्कर्त्यांचा संशय अगदींच निराधार आहे, असें कोणी म्हणूं नये.

पण संशय साधार असला म्हणजे त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष साधार ठरत नाहीं. कुत्रें आतां लांडगा राहिलेलें नाहीं. पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ति लांडग्यापेक्षां कुत्र्यांत पुष्कळ अधिक आहे, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आलें. हजारों वर्षें मनुष्याच्या उंबऱ्याशीं राहिल्याचें हें फळ होय. मांजराची गोष्ट निराळी. तें खरें मांसाहारी. केवळ दूधभातावर त्याचा निभाव लागत नाहीं. तथापि मांस हवें म्हणजे तें कच्चेंच हवें, असें नाहीं. कच्च्या मांसांत साल्मोनेलासारखे जंतु असूं शकतात. ते जनावरास न बाधले, तरी त्याच्या भांड्यांतून व तोंडांतून घरांतील तान्ह्या बाळास किंवा वृद्ध आजीस बाधतात. रोगट मेंढराचें कच्चें काळीज कुत्र्यास घातल्यास एक जातीचा पट्टकृमि त्याच्या आंतड्यांत वाढतो, व त्याचीं अंडीं मनुष्याच्या पोटांत गेल्यास यकृतांत पाण्यानें भरलेल्या गांठी होतात.

आमच्या हातूनही एकदां प्रमाद घडला आहे. रश्श्यांतील मटणाचें हाड आम्हीं मोठ्या प्रेमानें आमच्या कुत्र्यापुढें टाकलें. शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. एक तुकडा त्याच्या घशांत रुतला. पशुवैद्यांनीं तो काढला म्हणून तें वांचलें. परंतु त्या रात्रीं तें बिचारें आमच्याच पायाशीं येऊन निजलें, याची आठवण आम्हांस आजही टोंचते.

म्हणून आमचें मत असें : मांस द्यावयाचें तर तें नीट शिजवून, हाडें काढून, मीठमसाला व कांदा-लसूण न घालतां द्यावें. नुसत्या मांसानें कॅल्शियमची उणीव राहते. यास्तव घरचा आहार पशुवैद्यांस विचारूनच ठरवावा. विकतचें अन्न द्यावयाचें तर तें संपूर्ण आहार म्हणून केलेलें आहे कीं केवळ खाऊ आहे, हें वेष्टनावर वाचून घ्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, भाजी आवडली नाहीं तर आपण आईजवळ कुरकुर करतों. मुक्या जनावरास ती सोय नाहीं. आपण पुढें ठेवूं तें तें विश्वासानें खातें. त्या विश्वासास पात्र होणें हें पाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. आणि त्याचें भांडें धुतल्यावर स्वतःचे हात धुवावयास विसरूं नका!