राजे पुरेत, नावं सांगा



शाळेत विचारतात, गिझाचा मोठा पिरॅमिड कोणी बांधला? पोरगं उठून सांगतं, खुफू राजानं. मास्तर म्हणतात, शाब्बास, बस खाली.

खुफूनं एक तरी दगड उचलला होता काय? तेवीस लाखांच्या आसपास दगड आहेत तिथं. उचलणाऱ्यांच्या खांद्याची सालं निघाली आणि नाव लागलं राजाचं. पण मातीत गाडलेलं कधीतरी वर येतंच. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथं पपायरसाचे तुकडे मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी. आपल्या टोळीनं तुराच्या खाणीतला दगड नावेतून गिझाला कसा वाहिला, त्याच्या दिवसादिवसाच्या नोंदी. साडेचार हजार वर्षांनी राजाशेजारी मुकादम येऊन उभा राहिला. पुढं तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी काम टाकलं आणि देवळामागं जाऊन ठिय्या मारला. जगातल्या नोंद झालेल्या संपांतला हा सगळ्यांत जुना. देवाचा अवतार म्हणवणाऱ्या राजालाही कामगारानं विचारलं, माझं धान्य कुठाय?

हे इजिप्तचं पुराण आजऱ्यात बसून कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. आमच्यातल्या पोरांना राजांचं येड लागलंय. मोबाईलवर रोज नवा मुकुट. हा सम्राट आमचा, तो वंश आमचा. फॅरोसुद्धा आमचेच होते म्हणणारे मला भेटलेत. कुणाला शहाण्णव कुळी, कुणाला गोत्र, म्हणून आम्हालाही एक सिंहासन पाहिजे! अरे, ज्या उतरंडीनं आम्हाला गावाबाहेर घातलं, तिच्याच वरच्या पायरीवर जागा मागताय?

सातवाहनांचं घ्या. लेणी त्यांनी दिली, म्हणून ते आमचे, असं छातीठोक सांगतात. जरा नाशिकला जा आणि तीन नंबरच्या लेण्यातला लेख वाचा. गौतमी बलश्रीनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं, खरं आहे. पण त्याच भिंतीवर ती आपल्या पोराचं, गौतमीपुत्राचं कौतुक काय करते? तो एकमेव ब्राह्मण, आणि चार वर्णांचा संकर त्यानं थांबवला! बुद्धाच्या लेण्यात वर्णाची राखण! नाणेघाटात नागणिकेचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेत हजारोंनी गायी. त्या गायी कुणी राखल्या, शेण कुणी काढलं, मेल्यावर कुणी ओढल्या, ते लेखात नाही.

मग लेण्यात आमचं काहीच नाही काय? आहे. कार्ल्याला दाराच्या कामावर धेनुकाकटच्या सामी सुताराचं नाव आहे. कोल्हापुरात सापडलेल्या दगडी धातुकरंडकावर दोनच नावं. दान बम्हाचं, करवून घेतलं धमगुतानं. राजाचा पत्ता नाही. माझी वंशावळ शोधायचीच झाली तर ती मी अशा नावांत शोधीन, अश्वमेधाच्या घोड्यामागं पळणार नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही इतिहास उकरला. उकरला, पण कशासाठी? १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराचा धरला. जी गोष्ट एका काळी जन्मली, ती एका काळी मारताही येते, हे त्यांना दाखवायचं होतं. आम्हाला मुकुट घालायचा नव्हता. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ कंपनी सरकारनं आपल्या विजयासाठी उभा केलेला. पण आम्ही तिथं कंपनीला सलाम ठोकायला जात नाही. ज्या नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे ती नावं वाचायला जातो.

मग शाहू महाराज? तेही राजेच ना? होय. पण त्यांच्यापुढं मी मान झुकवतो ती त्यांच्या कुळासाठी नव्हे. २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१८ ला महार वतनाचं जोखड काढलं. मार्च १९२० ला माणगावात आमच्या लोकांना सांगितलं, तुमचा पुढारी तुम्हाला सापडला, आंबेडकर. राजा असून त्यांनी राजेपणाचा पाया खणला. अशोकालाही हीच फूटपट्टी लावा. कलिंगात माणसं मारल्याचा पश्चात्ताप त्यानं दगडावर लिहिला, म्हणून तो मोठा. त्याच लेखात रानातल्या लोकांना दमही भरलाय, तेही वाचा. भक्ती नको, झडती पाहिजे. सगळ्यांत खालच्या माणसासाठी या राजानं काय केलं, एवढाच सवाल.

आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत होता. त्या संस्थानाचा इतिहास लिहायला वासुदेवशास्त्री खरे मिळाले. आमच्या तराळाला, येसकराला कोण मिळालं? सांगावा घेऊन भर पावसात घाट उतरले, मढी ओढली, चावडीपुढं रात्री काढल्या, घनसाळ पिकवून भाकरीचा तुकडा मागत फिरले, त्यांची यादी कुठल्या दगडावर आहे? आमचा मेरेर कुठाय?

तो आपल्यालाच व्हायला लागेल. दोस्तांनो, जयंतीला राजांची पोस्टरं चार कमी लावा. त्या पैशाची वही घ्या आणि वाड्यातल्या म्हाताऱ्यांपुढं बसा. नाव विचारा. बापाचं, आज्याचं विचारा, आणि आईचं, आज्जीचं आधी विचारा, कारण त्यांना तर यादीतसुद्धा कुणी धरलं नाही. हाडकी-हाडवळ्याची जमीन कुठली, ती कुणी खाल्ली, वेठीला ‘नाही’ पहिल्यांदा कोण म्हणालं, सगळं लिहा. म्हातारं माणूस गेलं की एक लेणं ढासळतं.

खुफूचं थडगं खुफूला लखलाभ. आम्हाला दगड वाहणाऱ्यांची हजेरी घ्यायची आहे. घाई करा.

जयभीम.